काटा दोनशे फुटांवर

काटा हलला नाही. खालापूरच्या धावपट्टीवरून उठून विमान पळसदरीच्या धरणावर आलं, धरणाच्या भिंतीवर उभी असलेली माणसं दिसेनाशी झाली, म्हणजे दीड-पावणेदोन हजार फूट तरी वर आलो असणार. आणि झाकीरच्या समोरचा उंचीचा काटा आपला दोनशेवर. धावपट्टी समुद्रापासून दोनशे फूट उंच, तिथे तो बरोबरच होता. पण त्यानंतर पठ्ठ्यानं जागाच सोडली नव्हती. झाकीरनं काचेवर नखानं टिचकी मारली. मग अजून एक, जरा जोरात. ढिम्म. शेजारचा वेगाचा काटा त्याच्याहून लबाड. इंजिन नीट ओढत होतं, नाक नेहमीएवढंच वर होतं, आणि हा मात्र हळूहळू घसरत पासष्टवर आला होता. झाकीरचा हात आपोआप पुढे सरकला, नाक खाली दाबून वेग वाढवायला, आणि त्यानं तो मध्येच आवरला. वेग कमी झालेलाच नव्हता. दोन्ही काटे खोटं बोलत होते. दोघांनाही बाहेरची हवा लागते ती एकाच भोकातून; दाराच्या पुढे, डाव्या अंगाला, नखाएवढी चकती आणि तिच्या मधोमध दाभणाच्या टोकाएवढं भोक. ते बुजलं की दोघेही कामातून गेले. आणि ते कशानं बुजलंय हेही झाकीरला त्याच क्षणी कळलं. कळलं कसलं डोंबल, सकाळी डोळ्यांनी बघितलं होतं की!

"अब्बा, ती बघा गाडी! ठाकुरवाडीच्या बोगद्यात शिरतेय!" हेडफोनमध्ये उमैमाचा आवाज आला. ती खिडकीला नाक लावून बसली होती. सत्तावीस वर्षांची पोरगी, पनवेलच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स, आणि आवाज सात वर्षांच्या मुलीचा. झाकीरनं "हां, हां" म्हटलं आणि पॅनेलच्या खालची खुंटी शोधून ओढली. ही खुंटी ओढली की काट्यांना बाहेरच्याऐवजी आतली हवा मिळते. अगदी तंतोतंत नाही, पण काम भागतं. उंचीचा काटा उडी मारून अठराशेवर गेला. "ते काय ओढलंत?" उमैमानं विचारलं. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "काही नाही, हवा," झाकीर म्हणाला, आणि खोटं बोललो नाही म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली. शाबासकी! वळायला हवं होतं. तिथूनच, धरणावरूनच, गपचूप मागं फिरून उतरायला हवं होतं. कुठल्याही शिकाऊ पोरानं तेच केलं असतं. पण कशेळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं, पोरगी खूश होती, आणि आजचा दिवस काही साधा नव्हता.

साधा कसा असेल? तस्लीमनं, त्याच्या बायकोनं, तीन महिने घरात अबोला धरला होता. अबोला म्हणजे बोलायची, पण फक्त चहा, औषध आणि गॅसचा नंबर लावला का, एवढंच. शेवटी ईदच्या दुसऱ्या दिवशी तिनं एका दमात सांगून टाकलं, की एकसष्टाव्या वर्षी माणसं हजला जातात, नातवंडं खेळवतात, तुम्ही पत्र्याच्या डब्यात बसून आभाळात जाता. माझं तुम्ही ऐकणार नाही, ठीक, उमैमाला एकदा बसवा. ती दिवसभर जगण्यामरण्यातच उभी असते. तिनं हो म्हटलं तर मी जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. तिनं नाही म्हटलं तर त्याच दिवशी तुमच्या भागीदाराला, सहदेवभाईंना, सांगायचं, मी यातून अंग काढून घेतलं. झाकीरनं कबूल केलं. करणार काय? घरात राहायचं होतं आणि उडायचंही होतं. उडणं सुटलं असतं तर त्याचं नेमकं काय झालं असतं हे त्याला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. मस्कतला सव्वीस वर्षं दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, दुसरे उडाले, हा खाली फडकं घेऊन उभा. पन्नाशीत परवाना काढला, सहदेव पाटलाला नादी लावलं, दोघांनी मिळून हे चार माणसांचं, एका इंजिनाचं जुनं विमान आणलं. महिन्यातून चार सकाळी. तेवढ्याच चार सकाळी तो सरळ बसतो, पाठ दुखत नाही.

आणि उमैमा हो म्हणण्याच्या बेतात होती! सकाळी झाकीर हातात चेकलिस्ट घेऊन विमानाभोवती फिरत होता. टाकीखालून बाटलीत थोडं पेट्रोल काढून पाणी उतरलंय का बघ, तेलाची पट्टी बघ, टायर दाब, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरव. ती हाताची घडी घालून मागं मागं होती. म्हणाली, "आमच्याकडे असंच असतं. टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजायचे, एखादा आत राहू नये म्हणून. डोक्यात मोजून चालत नाही, हात लावून मोजायचे." झाकीरची छाती फुगली. फुगलेल्या छातीनंच तो डाव्या अंगाला आला आणि बघतो तर काय, त्या चकतीवर, बरोबर मधोमध, लालभडक कुंकू. कालचा दसरा. सहदेवच्या घरी दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा होते, कोयत्याची होते, पाण्याच्या पंपाची होते. मग विमानानं काय पाप केलंय? नाकाला झेंडूची माळ, चाकापुढे नारळ. त्या सगळ्याचं झाकीरला कधी काही वाटलं नाही, उलट आपट्याची पानं घ्यायला तो दर वर्षी हजर असतो. माळ सहदेवनं सकाळी स्वतः काढून ठेवली होती. पण धोंडूबाईंना, सहदेवच्या आईला, ती गोल चकती दिसली असणार. एवढ्या मोठ्या धुडाला टिळा लावायची नेमकी जागा कुठली, हे देवानंच दाखवून दिल्यासारखं वाटलं असणार बाईला. आणि बाई समोरच, शेडच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून बसलेली. उमैमानंतर तिलाही वर न्यायचं होतं.

पुसायला किती वेळ लागतो? अंगठा फिरवला की झालं. झाकीरचा अंगठा उठलाही होता. मग तो थांबला. का थांबला? आता खाली कर्जतची घरं सरकत होती, उल्हास नदी ऊन खात पसरली होती, आणि तो त्या थांबण्यापाशीच अडकून पडला होता. चीड येत होती. बाईच्या डोळ्यांदेखत कुंकू पुसायचं? कुंकू पुसणं म्हणजे काय हे कर्जतच्या शाळेत शिकलेल्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. बावीस वर्षांपूर्वी सहदेवचे वडील गेले तेव्हा झाकीर सुट्टीवर आलेला होता, अंगणात पुरुषांच्या घोळक्यात उभा होता, आणि त्यानं बघितलं होतं, दोन बायका आल्या आणि ओल्या फडक्यानं धोंडूबाईंचं कपाळ पुसून गेल्या. एकदा पुसून निघालं नाही म्हणून परत पुसलं. बाई रडत नव्हती, फक्त डोळे मिटून तोंड वर करून बसली होती, लहान पोर आंघोळीला बसतं तसं. ते कपाळ तेव्हापासून रिकामं. त्या बाईनं हौसेनं कुणाला तरी कुंकू लावलंय आणि ते मी पुसू?

एवढंच असतं तरी एक वेळ ठीक. पण एवढंच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी बिनदिक्कत पुसलं असतं, वर "काकी, हे काय करून ठेवलंत" असं ओरडलाही असता. हल्ली? हल्ली हात उचलायच्या आधी माणूस आपलं नाव आठवतो. झाकीरनं कुंकू पुसलं. एवढं एकच वाक्य कुणी उचललं आणि पुढे पाठवलं, की भोक, हवा, काटा हे कोण ऐकतंय? सहदेव असं काही करणार नाही. धोंडूबाई तर नाहीच नाही. झाकीरला हे पक्कं ठाऊक होतं आणि तरीही अंगठा थांबला, याचाच त्याला आता जास्त संताप येत होता. आणि मग मनानं काढलेली पळवाट काय, तर कोरडं कुंकू ते, धावपट्टीवर पंख्याचा वारा लागला की उडून जाईल! सव्वीस वर्षं काट्यांच्याच खात्यात काम केलेला माणूस. विमान धुवायला न्यायच्या आधी ह्याच भोकांवर लाल पट्टी चिकटवायची, धुऊन आलं की काढायची, काढली की सही करायची. हजारो वेळा केलं, एकदाही चुकला नाही, चुकलेल्या दोघांना त्यानं स्वतः फैलावर घेतलं होतं. आणि तोच माणूस, स्वतःची पोटची पोर शेजारी बसवून, म्हणतो काय, तर उडून जाईल. घ्या! त्याची आई हवाबी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. दुकानात उधार मागणाऱ्यांपुढे बापाची जीभ टाळ्याला चिकटायची तेव्हा म्हणायची. झाकीरला वाटायचं आपण त्यातले नाही.

"अब्बा, इतकं शांत आहे वर," कशेळ्याचा बाजार खाली दिसत असताना उमैमा म्हणाली. रस्त्याला जीपगाड्या लागलेल्या, मागं डोंगर अजून हिरवेगार. "तुम्ही इथं का येता ते आत्ता कळलं. अम्मीला मी सांगते. ती पुन्हा काही बोलणार नाही." झालं! जे ऐकायला तीन महिने जीव टांगणीला लागला होता ते ऐकायला मिळालं, आणि नको तेव्हा. झाकीरनं मान हलवली आणि विमान वळवलं. उतरताना त्यानं काट्यांकडे जवळजवळ बघितलंच नाही. इंजिनाचा आवाज ऐकला, नाकाची आणि क्षितिजाची जागा धरली, आणि चाकं इतकी अलगद टेकली की उमैमानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात चांगलं उतरणं आजच व्हायचं होतं. असंच असतं. हे विमान गरीब आहे, आत बसलेल्या माणसांना सांभाळून घेतं.

ती उतरून सरळ धोंडूबाईंकडे धावली. झाकीर डाव्या अंगाला आला. कुंकू जागच्या जागी होतं, कड थोडी विरली होती, बस. त्यानं नख लावलं आणि नखाखाली चिकट, घट्ट काहीतरी आलं. त्यानं ते चोळून बघितलं, वास घेतला. मेण. बाईनं खाली मेण लावलं होतं! जुन्या बायका लावायच्या तसं; आधी बोटानं मेण, त्यावर कुंकू, म्हणजे घामानं ओघळत नाही, वाऱ्यानं उडत नाही. कुठून तरी आपला जुना करंडा काढला असेल बाईनं, बावीस वर्षांनी झाकण उघडलं असेल. ते मेण रात्रभर त्या भोकात मुरून बसलेलं. ते आता नखानं निघण्यातलं नव्हतं. आतली नळी सोडवून, फुंकून साफ करायला लागणार, ते होईस्तोवर विमान जमिनीवर. म्हणजे सांगायला लागणार. कुणाला? सगळ्यांना. कारण सगळे तिथेच होते.

"काय रं झाक्या, आता आईला बसवू ना?" सहदेव पाठीमागून आला. तोंडावर हसू, हातात आईच्या कानाला गुंडाळायला आणलेला मफलर. हा माणूस पाचवीत झाकीरच्या बाकावर बसायचा, टेंपोचा धंदा करून मोठा झाला, आणि झाकीरनं विमान म्हटलं तर विमान म्हणाला.

"नको," झाकीर म्हणाला. "उजवं मॅग्नेटो कमी दाखवतंय."

तोंडातून आपसूक निघालं. इतकं सोयीचं खोटं! मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा डबा. तो बिघडतो, कुणाचाही दोष नसताना बिघडतो. विमान आठ दिवस शेडमध्ये राहील, झाकीर गुपचूप नळी साफ करेल, बाईला वाईट वाटणार नाही, सहदेवला ओशाळं व्हायला नको, उमैमा घरी जाऊन हो म्हणेल. सगळ्यांचं भलं. सहदेवनं एकही प्रश्न विचारला नाही. उलट मागं वळून आईला ओरडून म्हणाला, "आई, आज नाय जमायचं! इंजिनात काय तरी हाय. झाकीरनं पकडलं. ह्याच्या नजरेतून काय सुटत नाय बघ!"

"मला तर काहीच कळलं नाही वर," उमैमा धोंडूबाईंच्या खुर्चीमागं उभी राहून म्हणाली. तिचा चेहरा अभिमानानं उजळला होता. "बघा आजी, अब्बा किती बारीक बघतात. अम्मी उगीच घाबरते."

आता मात्र झाकीरला राहवेना. ही माणसं इतकी भली का असतात? एकानं तरी संशय घ्यावा, एकानं तरी इंजिन उघडून दाखव म्हणावं! चौघांपैकी कुणी कुणाला दुखवायचं नाही, असा जणू कायदाच केलेला, आणि त्या कायद्यापायी आपण पोरीला घेऊन खोट्या काट्यांवर उडालो.

"मॅग्नेटोला काही झालेलं नाही!" तो इतक्या जोरात बोलला की सहदेव दचकला. "हे भोक बुजलंय. ह्यात मेण गेलंय. उंचीचा काटा वर गेल्यावर दोनशेवरच होता. धरणावर मी खुंटी ओढली ती त्यासाठी. त्याआधी वेगाचा काटा बघून मी नाक खाली दाबायला निघालो होतो. ढगात असतो, किंवा घाटाच्या अंगाला असतो, तर ..."

सहदेव चकतीजवळ वाकला. धोंडूबाई खुर्चीवरून उठली, काठी टेकत आली, तिनंही बघितलं. तिला ती चकती ओळखायला वेळ लागला नाही.

"मेण मी लावलं," ती म्हणाली. "वाऱ्यानं उडू नये म्हनून."

"काकी, तुमची काही चूक नाही. तुम्हाला कुठं माहीत ..."

"ते ऱ्हाऊ दे. तू बघितलं नवतंस?"

झाकीरनं मान खाली घातली. "बघितलं होतं."

"कवा?"

"सकाळी. निघायच्या आधी."

"मग पुसलं का नाय?"

"तुम्ही समोर बसला होतात."

बाईचा आवाज चढला. "मी बसलेले म्हनून? आरं, मी काय वाघ हाय? हाक मारायची होती, काकी, हितं नाय लावायचं, एवढं बोलायला तुजी जीभ झडली होती का? चड्डी घालून माज्या चुलीपाशी येऊन भाकरी मागायचास तवा नाय भीड वाटली ती? माज्या कपाळाचं गेलं ते गेलं, त्याला मी काय करनार, पन तुज्या पोरीपेक्षा ह्या लोखंडावरचं कुंकू मोटं?" ती थांबली, धाप लागली होती. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "मला परकी केलंस रं तू."

हे झाकीरच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानं बाईचा मान राखला असं तो समजत होता. संतापायला आता कुणी उरलं नव्हतं. सहदेवनं शिवी दिली असती तरी चाललं असतं, पण सहदेव नुसता आईचा दंड धरून उभा होता.

उमैमाच्या चेहऱ्यावरचं मघाचं सगळं उतरलं होतं. थिएटरमध्ये तोंडाला फडकं बांधल्यावर ती अशीच दिसत असेल, नुसते डोळे. "धरणावर कळलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "आणि आपण कशेळ्याला गेलो."

"आतल्या हवेवर काटे ठीक होते, उमैमा. तसा धोका ..."

"अब्बा, एक बोळा कमी भरला आणि डॉक्टर म्हणाले असू दे, तर मी टाके घालू देत नाही. ते कितीही मोठे असू देत. ओरडतात माझ्यावर." तिनं चकतीकडे बोट केलं. "तुम्ही मला बसवलंत कशाला? मी बघावं म्हणून ना? मग मला बघू द्यायचं होतं."

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. अम्मी. अकरा वाजता उतरणार असं सांगितलं होतं, साडेअकरा झाले होते. तस्लीम तासभर नमाजाच्या चटईवरून उठली नसणार. उमैमानं फोन कानाला लावला आणि झाकीरकडे पाठ केली नाही, त्याच्याकडे बघतच बोलली.

"हो, उतरलो. ठीक आहे सगळं ... नाही अम्मी, भीती नाही वाटली. विमान चांगलं आहे. मी परत बसेन." पलीकडून तस्लीम काहीतरी बराच वेळ बोलत होती, हसत असावी. उमैमानं ते सगळं ऐकून घेतलं. "थांब, माझं पुरतं ऐक. मी परत बसेन, पण अब्बा चालवणार असतील तर नाही. का ते त्यांनाच विचार, ते सांगतील."

झाकीरनं खिशात हात घातला. विमानाची किल्ली बाहेर काढून त्यानं ती सहदेवपुढे धरली. सहदेव नको म्हणेल, वेडा झालास का म्हणेल, खांद्यावर हात टाकेल, असं त्याला वाटलं होतं. पन्नास वर्षांत सहदेव कधी त्याला नाही म्हणाला नव्हता, आणि त्याच्यापासून कधी काही काढूनही घेतलं नव्हतं.

सहदेवनं किल्ली घेतली.